नाडी धावते, रक्तदाब उतरतो: आधी कारण, मग औषध

नागपुरातल्या रामदासपेठेत, लोकमत चौकापासून सेंट्रल बाजार रोडपर्यंतच्या पट्ट्यात, हाकेच्या अंतरावर दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब आणि मेडिकल स्टोअर्स आहेत. विदर्भातले गावोगावचे रुग्ण इथे येतात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेपलीकडूनही येतात. अशा कुठल्याही दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत मॉनिटरवर कधी ना कधी दिसणारी जोडी म्हणजे नाडी मिनिटाला १२८ आणि रक्तदाब ८६/५४. सोबतच्या माणसांच्या मनात मग दोन प्रश्न उभे राहतात: ठोके कमी करायला काय देणार, आणि बीपी वाढवायला काय देणार? दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत, पण दोन्हींची दिशा चुकलेली आहे. त्यांत गृहीत धरलेले असते की हे दोन वेगवेगळे बिघाड असून प्रत्येकावर वेगळी गोळी हवी. प्रत्यक्षात बहुतेक वेळा बिघाड एकच असतो आणि वेगाने धावणारी नाडी ही त्या बिघाडाला शरीराने दिलेले उत्तर असते. ते उत्तर दाबून टाकले तर रुग्ण अधिक संकटात जातो. म्हणून ठोके का वाढले आणि दाब का उतरला, याचा उलगडा हाच उपचाराचा पहिला भाग. औषधाचे नाव त्यानंतर ठरते.

हे समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. निरोगी प्रौढ माणसाचे हृदय विश्रांतीत एका ठोक्याला साधारण ७० मिलिलीटर रक्त पुढे ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर सुमारे पाच लिटर रक्त शरीरभर फिरते. रक्तदाब दोन गोष्टींवर ठरतो: मिनिटाला किती रक्त बाहेर पडते आणि रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत. मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत दाबाची नोंद घेणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. दाब जरा उतरला की ती मेंदूला खबर देतात आणि काही सेकंदांत दोन हुकूम सुटतात: वाहिन्या आवळा आणि ठोके वाढवा. उलट्या-जुलाबांनी, घामाने किंवा रक्तस्रावाने शरीरातला द्रव घटला की हृदयात परत येणारे रक्तच कमी होते. एका ठोक्याला ७०ऐवजी ४० मिलिलीटर मिळू लागले तर तेवढेच पाच लिटर फिरवायला हृदयाला सव्वाशे ठोके टाकावे लागतात. टाकीत पाणी नसताना टुल्लू पंप सुसाट आवाज करतो, तेव्हा शहाणा माणूस पंपाचा मेकॅनिक बोलावण्याआधी टाकी बघतो. इथेही तेच करायचे आहे.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघते, आणि अपघातातल्या रुग्णांच्या अनुभवाने ती पक्की झाली आहे. शरीर नाडीच्या जोरावर दाब बराच वेळ सावरून धरते, त्यामुळे दाब उतरतो तो उशिरा. पाचेक लिटर रक्त असलेल्या प्रौढाचे ७५० ते १५०० मिलिलीटर रक्त गेले, तर नाडी शंभराच्या वर जाते, पण रक्तदाबाचा वरचा आकडा पुष्कळदा जवळपास जागच्या जागी असतो. तो ठळकपणे पडतो ३० टक्क्यांहून अधिक रक्त गेल्यावर. म्हणूनच १९६७ मध्ये अल्गोव्हर आणि बुरी या शल्यचिकित्सकांनी दोन्ही आकडे एकत्र वाचण्याची एक सोपी रीत सुचवली: नाडीला वरच्या रक्तदाबाने भागायचे. निरोगी माणसात उत्तर ०.५ ते ०.७ च्या दरम्यान येते. ते एकच्या जवळ किंवा पुढे गेले तर प्रकरण गंभीर मानावे. वरच्या उदाहरणात १२८ भागिले ८६ म्हणजे जवळजवळ दीड. डेंग्यूत हीच गोष्ट आणखी फसव्या रूपात दिसते. पावसाळ्यानंतर नागपुरात डेंग्यूचे रुग्ण वाढतात. ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात, पण केशवाहिन्यांतून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपण्याचा धोका नेमका त्याच एक-दोन दिवसांत असतो. तेव्हा रक्तदाब १००/८५ असा दिसू शकतो. वरचा आकडा पाहून ‘बीपी ठीक आहे’ असे वाटते. पण दोन आकड्यांतले अंतर १५ वर आलेले असते, आणि ते २० किंवा त्याहून कमी होणे ही डेंग्यूतल्या शॉकची खूण आहे. सोबत नाडी जलद आणि हातपाय गार असतील तर वरचा आकडा पडण्याची वाट पाहणे म्हणजे हातची वेळ घालवणे.

नागपूरच्या उन्हाळ्यात हा प्रश्न दारापर्यंत येतो. मे अखेरच्या नवतप्यात पारा ४५ च्या आसपास गेला की शरीर उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करते. तीव्र उष्णतेत मिनिटाला सहा ते आठ लिटर रक्त नुसते त्वचेकडे वळू शकते. त्याच वेळी अंगमेहनत करणाऱ्याचा तासाला एक ते दोन लिटर घाम जाऊ शकतो. म्हणजे वाहिन्या सैल झाल्या, त्यातला द्रव घटला, आणि शरीराचे तापमान एका अंशाने वाढले की नाडीही साधारण आठ-दहा ठोक्यांनी वाढते. तिन्ही कारणे एकत्र आली की तीच जोडी दिसते: नाडी वर, दाब खाली. इथे उपचार त्या कारणांतूनच ठरतो. सावलीत आडवे करणे, कपडे सैल करून अंग ओले करणे, वारा घालणे, पाय उंचावर ठेवणे आणि माणूस पूर्ण शुद्धीत असेल तर ओआरएस घोटाघोटाने देणे. तो बरळत असेल, झोकांड्या खात असेल किंवा नीट उत्तर देत नसेल तर उष्माघात समजावा, तोंडाने काहीही देऊ नये, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करत राहावे. उष्माघातात पॅरासिटामॉल उपयोगी पडत नाही, कारण तिथे मेंदूने ताप चढवलेला नसतो. उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणाच हरलेली असते. खिशात कांदा ठेवून उन्हात निघण्याची रीत विदर्भात अजून आहे. त्या कांद्याने रक्तातला द्रव वाढत नाही. मीठ घातलेली आंबील किंवा ताक मात्र पाणी आणि क्षार दोन्ही देते, म्हणून त्या जुन्या सवयीला अर्थ आहे.

एकच जोडी, पण कारण वेगळे असले की उपचार किती उलटा होऊ शकतो, याचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका पुरावा कोकणातल्या लाल विंचवाचा आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे नागपूरकरांच्या ‘मेडिकल’मधून, एमबीबीएस झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेले रुग्ण घामाने थबथबलेले येत, हातपाय बर्फासारखे गार पडत, नाडी धावत असे. काही तासांत फुप्फुसांत पाणी साचून अनेक जण दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही लक्षणे मांडली. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या कमालीच्या आवळतात, सुरुवातीला दाब चढतो, आणि त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकले की दाब कोसळतो. कारण असे असेल तर वाहिन्या सैल करणारे औषध हवे. म्हणून त्यांनी प्राझोसिन वापरले, जे एरवी उच्च रक्तदाबावर देतात. दाब उतरण्याचा धोका असलेल्या रुग्णाला दाब उतरवणारी गोळी देणे वरवर पाहता वेडेपणाचे वाटेल. पण घामाने आणि उलट्यांनी गेलेले पाणी आधी भरून काढून ती दिली की थकलेल्या हृदयावरचे ओझे हलके होते. प्राझोसिन येण्यापूर्वी गंभीर लक्षणे असलेल्या रुग्णांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त दगावत. नंतर ते प्रमाण काही टक्क्यांवर आले. पुढे महाडमध्येच त्यांनी ७० रुग्णांवर चाचणी घेतली. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८ जण. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या साऱ्या कामात नाडीचा वेग कमी करण्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही. विषाचा जोर ओसरला की ती आपोआप उतरते.

आता उलट बाजूचा पुरावा पाहू. ठोके कमी करणारे बीटा ब्लॉकर हे हृदयविकारातले अत्यंत उपयोगी औषध आहे. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला ते लगेच शिरेतून द्यावे, असे एकेकाळी अनेकांचे मत होते. चीनमधल्या सुमारे १२५० रुग्णालयांत ४५,८५२ रुग्णांवर याची चाचणी झाली आणि २००५ मध्ये तिचे निकाल आले. मेटोप्रोलॉल दिलेल्या गटात दर हजारी पाच जणांचा पुन्हा येणारा झटका टळला, पाच जणांचे ठोक्यांचे जीवघेणे थरथरणे टळले. पण हृदय कमी पडून येणारा शॉक दर हजारी अकरा जणांत जास्त झाला, मुख्यतः पहिल्या दिवसात. ज्यांचा दाब आधीच खाली आणि नाडी आधीच जलद होती, त्यांना हा धोका अधिक होता. दुबळे झालेले हृदय एका ठोक्याला कमी रक्त टाकत असताना वेग हाच त्याचा शेवटचा आधार असतो, आणि औषधाने तोच काढून घेतला. त्या चाचणीनंतर अशा रुग्णांना हे इंजेक्शन घाईने देण्याची पद्धत मागे पडली.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: कधीकधी वेग हाच रोग नसतो का? असतो. हृदयातल्या विद्युतप्रवाहाची वाट चुकली की ठोके मिनिटाला १८० किंवा २०० पर्यंत जातात. हृदय दोन ठोक्यांच्या मधल्या सैल अवस्थेत भरते, आणि वेग वाढला की हीच अवस्था सर्वाधिक आखडते. मिनिटाला ७५ ठोके असताना एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो, १५० असताना ०.४ सेकंद, आणि १८० असताना ०.३३ सेकंद. एवढ्या वेळात हृदय भरतच नाही, मग ते पुढे काय ढकलणार? इथे वेग कमी करणे हाच उपचार असतो. दाब कोसळलेला असेल, रुग्ण ग्लानीत असेल किंवा छातीत दुखत असेल तर गुंगी देऊन विजेचा नियंत्रित झटका देणे हा सर्वांत जलद मार्ग ठरतो. पण या आक्षेपाने मूळ मुद्दा खोडला जात नाही, तो अधिक धारदार होतो. विजेचा बिघाड आहे की शरीराची हाक, हे ओळखायचे कसे? ईसीजी हा त्याचा आधार. आपत्कालीन उपचारांतला सर्वमान्य संकेत असा की हृदयाचा स्नायू आधीपासून कमकुवत नसेल, तर दीडशेच्या खालचा वेग सहसा दाब उतरण्याचे मूळ कारण नसतो. शरीराच्या हाकेने वाढलेली नाडी हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. बिघाडाची नाडी पुष्कळदा बटण दाबल्यासारखी सुरू होते आणि तशीच थांबते. त्यामुळे ‘धडधड कधी सुरू झाली आणि कशी’ या प्रश्नाचे नेमके उत्तर नातेवाइकांनी दिले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: कारण शोधत बसण्यापेक्षा सलाईन लावून टाकावे, नुकसान तर होणार नाही? रामदासपेठेपासून गडचिरोलीच्या शेवटच्या गावापर्यंत ‘एक बाटली लावा’ हा आग्रह ऐकू येतो. रक्तस्रावात, गॅस्ट्रोमध्ये, उष्णतेने द्रव घटल्यावर सलाईन जीव वाचवते, यात वाद नाही. पण युगांडा, केनिया आणि टांझानियात तीव्र तापाने आणि रक्तपुरवठा मंदावलेल्या अवस्थेत आलेल्या ३,१४१ मुलांवरच्या चाचणीने वैद्यकजगाला धक्का दिला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात, झटपट सलाईन किंवा अल्ब्युमिन दिलेल्या मुलांपैकी सुमारे साडेदहा टक्के ४८ तासांत दगावली. तसा झटपट द्रव न दिलेल्या मुलांत हे प्रमाण ७.३ टक्के होते. त्या मुलांत मलेरिया आणि तीव्र रक्तक्षय असलेली बरीच होती, त्यामुळे हा निकाल प्रत्येक रुग्णाला लागू होत नाही. पण सलाईन निरुपद्रवी आहे ही समजूत त्याने कायमची मोडली. हृदयविकारात, मूत्रपिंडाच्या आजारात, आणि डेंग्यूचा झिरपा थांबल्यावर बाहेरचा द्रव पुन्हा रक्तात परतत असताना ओतलेली बाटली फुप्फुसांत उतरते. म्हणून डॉक्टर थोडे सलाईन देऊन थांबतात, छाती ऐकतात, पाय उचलून दाब वाढतो का पाहतात, लघवी मोजतात. या थांबण्याला चालढकल समजू नये.

तिसरा आक्षेप आजारी न दिसणाऱ्यांचा आहे. ‘माझे बीपी कायमच लो असते, उभे राहिले की धडधड होते, तपासण्या सगळ्या नॉर्मल,’ ही तक्रार विशेषतः तरुण स्त्रियांत फार आढळते. नुसता ९५/६० रक्तदाब, कसलाही त्रास नसताना, हा आजार नाही. पण त्रास असेल तर त्याला ‘टेन्शन आहे’ म्हणून वाटेला लावणेही चुकीचे. सर्वांत आधी रक्त तपासावे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ८ वर असलेल्या बाईची नाडी जलद चालणारच, आणि तिचा इलाज लोहाची गोळी आणि पाळीतल्या अतिस्रावाची तपासणी हा आहे. थायरॉइड, मधुमेहातली साखर उतरणे, गर्भारपण, हेही तपासावे. हे सगळे नसेल तर दहा मिनिटे उभे राहण्याची साधी चाचणी उपयोगी पडते. दाब फारसा न उतरता नाडी ३० ठोक्यांनी किंवा अधिक वाढली (१२ ते १९ वयात ४० ठोक्यांनी), आणि असा त्रास महिनोन्‌महिने असेल, तर ‘पॉट्स’ या विकाराचा विचार होतो. हे नाव १९९३ मध्ये रूढ झाले, आणि करोनानंतर असे रुग्ण अधिक संख्येने समोर आले. त्यात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी, डॉक्टरांनी ठरवलेले वाढीव मीठ, पोटापर्यंतचे घट्ट मोजे आणि झोपून किंवा बसून करायच्या व्यायामाने सुरुवात ही पहिली पायरी. ठोके कमी करणारी गोळी लागली तर ती नंतर, आणि अगदी कमी मात्रेत. मीठ वाढवण्याचा हा सल्ला उच्च रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी स्वतःहून उचलू नये.

कारणांच्या यादीत एक कारण घराघरांतल्या डब्यात असते: रक्तदाबाच्या गोळ्या. हिवाळ्यात ठरवलेली मात्रा मे महिन्यात जड पडू शकते, कारण उष्णतेने वाहिन्या आधीच सैल झालेल्या असतात आणि लघवी वाढवणारी गोळी घामाच्या तुटीत भर घालते. उन्हाळा सुरू होताना डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी. स्वतःच्या मनाने गोळ्या सोडू नयेत, विशेषतः बीटा ब्लॉकर, कारण तो अचानक बंद केला तर नाडी आणि दाब उसळतात. हीच गोळी दुसऱ्या प्रकारेही फसवते: ती घेणाऱ्याला आतून रक्तस्राव होत असला तरी नाडी ८० वरच राहू शकते. म्हणजे जलद नाडी धोक्याची खूण असली, तरी तिच्या नसण्याने धोका टळला असे होत नाही. आजोबा मेटोप्रोलॉल घेतात ही माहिती म्हणूनच कॅज्युअल्टीत पहिल्या दोन वाक्यांत सांगावी.

आणि कारण शोधण्याआधीही एक काम असते, आकडा खरा आहे का ते पाहण्याचे. ३० मे २०२४ रोजी रामदासपेठेलगतच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्याने सेन्सरचा बिघाड सांगितला, कारण नागपुरातल्याच इतर काही केंद्रांवर पारा ४४ च्या आसपास होता. घरच्या बीपी मशीनचेही असेच होते. बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला की दाब खोटाच कमी येतो. ठोके अनियमित असतील तर मशीन गोंधळते. बोटे गार असली की बोटावरचा ऑक्सिमीटर नाडी चुकवतो. पाच मिनिटे शांत बसून, दंडाला साजेसा पट्टा हृदयाच्या पातळीवर बांधून दोनदा मोजावे आणि मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. झोपून एकदा आणि उभे राहून एक व तीन मिनिटांनी घेतलेली नोंद कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावी. उभे राहताच चक्कर येत असेल तर ही मोजणी एकट्याने करू नये.

पण आकड्यांपेक्षा माणसाकडे पाहून निर्णय घ्यावा अशी वेळ असतेच. गार, घामेजलेले हातपाय, बोलण्यात गोंधळ, छातीत दुखणे, धाप, शुद्ध हरपणे, काळी शी किंवा रक्ताची उलटी, सहा-आठ तासांत लघवी न होणे, पाळी चुकलेल्या बाईच्या पोटात अचानक तीव्र कळ: यांपैकी काहीही जलद नाडीसोबत असेल तर मशीन बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा. उपचार लागू पडतो आहे की नाही हेही याच खुणा सांगतात. माणूस नीट बोलू लागतो, पाय ऊबदार होतात, लघवी सुटते, आणि नाडी कोणी न दाबता खाली येते. मॉनिटरवरचे ठोके गोळीने ९० वर आणले आणि पाय अजून गारच आहेत, तर आकडा सुधारला आहे, रुग्ण सुधारलेला नाही. म्हणून ठोके किती झाले हे विचारण्याबरोबरच ‘कारण सापडले का’ हेही नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारावे.